काळ्या तव्यावरचं लोणी

ताप उतरला आणि जाताना माझा वास घेऊन गेला. साथीच्या त्या दिवसांत पुष्कळांचा गेला होता आणि बहुतेकांचा थोड्या दिवसांनी परतही आला. माझा आला नाही. मी बँकेत असते किंवा शाळेत शिकवत असते, तर चारचौघांत गंमत म्हणून सांगितलं असतं. पण मी स्वयंपाकी होते. गोव्याच्या एका हॉटेलात सॉस करायचं काम माझ्याकडे होतं, आणि सॉस करणाऱ्या बाईला वास येत नाही म्हणजे शिंप्याला सुई दिसत नाही. आई म्हणते, राग माझ्या नाकावर असतो. वास गेला, राग होता तिथेच राहिला.

माझे सॉस टेबलावरून परत यायला लागले. कुणी काही विचारायच्या आत मी आजारपणाची रजा टाकली आणि रायपूरला घरी आले. रजा संपली तरी गेले नाही, मग त्यांनीही बोलावणं सोडलं. घरी आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. आईला लवकरच कळलं. मी ओट्याशी उभी राहून फोन बघत होते आणि माझ्या हाताशी दूध लागून पातेलं काळं पडलं होतं. आई देवघरातून धावत आली, गॅस बंद केला, आधी पातेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तुले वास नाही येत," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"बाबाले नको सांगू," एवढंच मी म्हटलं, आणि तिने लगेच मान हलवली.

बाबांना का नाही, ते सांगायला हवं. बाबा रेल्वेत होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बाबांची नोकरी इकडे आली आणि मग घरही इथेच झालं. राज्य नवं झालं तेव्हा मी शाळेत होते. बाबांना त्याचा इतका आनंद झाला होता की जणू त्यांनाच बढती मिळाली. "राजधानी झाली नं आता, पाहाच तू किती मोठी मोठी हॉटेलं येते," हे ते दर रविवारी म्हणायचे. मी स्वयंपाकाचं शिक्षण घेणार म्हटल्यावर सगळे नातेवाईक चवताळून उठले. पोरगी लोकांची उष्टी भांडी घासणार का, असं भर लग्नात एका काकाने विचारलं. बाबा जेवणाच्या पंगतीतून उठले आणि आम्हाला घेऊन न जेवता घरी आले. तेव्हापासून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असा एकही माणूस उरला नसेल ज्याला बाबांनी "माझी पोट्टी समुद्रातले मासे रांधते" हे सांगितलं नाही. इस्त्रीवाल्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असताना सांगितलं. या माणसाला मी काय सांगणार होते?

मला घरी बसलेलं बघून ते काही विचारत नसत. "थकली असन," म्हणायचे. कधी कधी दारातून डोकावून बघायचे आणि परत जायचे. मला त्याचा संताप यायचा. विचारलं असतं तरी आलाच असता.

अशात नवा रायपूरच्या एका नव्या हॉटेलातून फोन आला. बाबा म्हणायचे ती मोठी हॉटेलं खरंच आली होती, बाबांच्या अंदाजापेक्षा बरीच उशिरा, एवढंच. मी कधीतरी सुरुवातीला हताश होऊन अर्ज केला होता. त्यांच्या मुख्य शेफने सांगितलं की एकच पदार्थ करून दाखवायचा. तव्यावर पोळलेले स्कॅलॉप, सोबत लोण्याचा साधा सॉस. "साधंच आहे," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

स्कॅलॉप म्हणजे समुद्रातल्या एका मोठ्या शिंपल्याच्या आतला गोळा. पांढरा, पेढ्याएवढा, मऊ. तो कोरडा टिपायचा, कडकडीत तापलेल्या तव्यावर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. खालून बदामी कवच धरलं की उलटायचा, क्षणभर थांबायचं, काढायचा. हे सगळं कानाने आणि डोळ्यांनी होतं, त्याची मला भीती नव्हती. भीती लोण्याची होती. लोणी आधी फेसाळतं, मग फेस बसतो, मग तळाशी बारीक कण तांबूस होतात आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा एक वास उठतो. तो उठला की लिंबू पिळायचं आणि उतरवायचं. वास उठायच्या आधी काढलं तर नुसतं पातळ लोणी, क्षणभर उशीर झाला तर जळकं. चमच्यात घेऊन रंग पाहता येतो, पण पाहीपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. मसाल्याच्या रश्शात चूक लपते. इथे लपायला काहीच नसतं, आणि म्हणूनच हा पदार्थ परीक्षेला देतात.

मला दुसरीकडे कुठे अर्ज करायची हिंमत उरली नव्हती. मी मनाशी ठरवलं होतं की हे जमलं तर मी स्वयंपाकी आहे, नाहीतर नाही. माणूस घाबरला की असले वेडेवाकडे नवस बोलतो.

आमच्याकडे तेलीबांध्याला हॉटेलांना थंड मासळी पुरवणारा एक माणूस आहे. त्याला गाठून मी सरावासाठी एक पाकीट मागवलं. विमानाने, बर्फात. "दीदी, घर के लिए ये आज तक किसी ने नहीं मँगाया," तो म्हणाला, "शादी है क्या?" मी म्हटलं, हो. एवढी चिडले होते की कुणाची, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

आता सराव कुठे करायचा, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न. आई मासे खात नाही, शिवत नाही, तिच्या स्वयंपाकघरात अंडंही आलेलं नाही. बाबा भंडाऱ्याच्या तलावांवर वाढलेले, त्यांना माशांशिवाय चैन नाही. त्यावर त्यांनी लग्नानंतर जो तह केला तो अजून चालू आहे. मागच्या अंगणात पत्र्याखाली बाबांची वेगळी शेगडी, वेगळा छोटा सिलेंडर, गोल बाजारातून आणलेला एक लोखंडी तवा, एक कढई, एक उलथणं, मासे ठेवायला बर्फाची एक थंडपेटी. ती भांडी दाराचा उंबरा ओलांडत नाहीत. रविवारी बाबा तिथे उकिडवे बसून आपले मासे करतात आणि तिथेच जेवतात. तवा आणि कढई दोन्ही काळीकुट्ट. त्यात लोण्याचा रंग दिसण्याची सोयच नव्हती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी पाकीट उघडलं. रात्रभर हळूहळू वितळवलेले गोळे मी एका ताटलीत मांडले, बाबांच्या जुन्या धुतलेल्या पंच्याच्या तुकड्याने एकेक टिपला आणि ताटली झाकून बाबांच्या थंडपेटीत ठेवली. बाबा मागे येऊन बघत होते.

"हे कायचे मासे होय वं? हे तं पेढे दिसून राहिले."

"पेढेच आहेत, बाबा. हात नका लावू," मी म्हटलं आणि आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. ती माझं नाक व्हायला आली होती. जन्मात पहिल्यांदा ती बाबांच्या शेगडीजवळ आली होती, आणि ते माझ्यासाठी. लोणीही तिनेच दिलं, स्वतः घुसळलेलं. तिच्या वाटीचा माझ्या वाटीला स्पर्श होऊ नये म्हणून वीतभर वरून टाकलं, ते खाली आपटून माझ्या कुर्त्यावर उडालं. आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने पदर नाकाला लावला. माझं नाक म्हणून आलेली बाई स्वतःचं नाक झाकून उभी होती. मला ते दिसत होतं. पण दुसरं कोण होतं मला?

तवा तापला. तेलाचा थेंब पळायला लागला तसे मी गोळे ठेवले. चर्रर्र असा जो कोरडा आवाज यायला हवा तो आलाच नाही. फुसफुस आली. प्रत्येक गोळ्याभोवती पाणी सुटलं, तव्यावर पसरलं आणि गोळे त्यात उकळायला लागले. मी गॅस मोठा केला. पाणी आणखी सुटलं. गोळे आक्रसून, घट्ट होऊन, कडेने सुरकुतले. कवच धरण्याचं नाव नाही. ज्या कामाची मला भीती नव्हती, तेच बिघडलं होतं. म्हणजे नाकाबरोबर हातही गेला, असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं.

दुसऱ्या बाजूला कढईत लोणी टाकलं होतं. "आई, वास?"

"येऊन राहिला नं, छान," पदराआडून ती म्हणाली.

"भाजल्यासारखा?"

"हो, हो. छान येते."

मी लिंबू पिळलं, उतरवलं, ताटलीत ओतलं. त्या सुरकुतल्या गोळ्यांवर तो सॉस पसरला आणि मी शेगडीसमोर मटकन बसले. एक गोळा तोंडात टाकला. चप्पल चावावी तसा. आंबट, खारट, आणि दुसरं काही नाही. पण मला तर हल्ली सगळंच तसं लागायचं.

तेवढ्यात बाबा आले. सदरा घालून, भांग पाडून, पोरीच्या हातचं जेवायला. माझं तोंड बघून ते थांबले.

"काय झालं?"

"पाणी सुटलं," मी म्हटलं, "कोरडे केले होते, तरी पाणी सुटलं. मला काही जमत नाही आता."

"अवो, रडतं काहून? ते मीच..." बाबा एकदम अपराध्यासारखे झाले. "वशट वास मारून राहिले होते थोडे. मले वाटलं, इतक्या दुरून आले, नासले असन. मंग मी मीठ-लिंबू चोळून ठेवलं होतं, आपण नेहमी ठेवतो तसं. चांगलं चोळलं. आणि धुऊन पुसूनबी ठेवले परत."

माझ्या घरी प्रत्येक माशाला हे होतं. रायपुरात मासा येईस्तोवर शिळाच झालेला असतो, त्यामुळे आधी मीठ आणि लिंबू, मग पुढचं. स्कॅलॉपला मीठ चोळून ठेवलं की तो आतलं सगळं पाणी सोडतो, आणि लिंबाने आधीच कच्चा-शिजल्यासारखा होतो. म्हणजे हात गेला नव्हता. मला एवढं हलकं वाटलं की मी बाबांवर ओरडायला तोंड उघडलं. आणि मग बाबा जे म्हणाले त्याने ते तसंच उघडं राहिलं.

"पण दोन अख्खे लिंबं पिळले होते मी त्याच्यावर," ते हळू आवाजात म्हणाले. "मले तं इथून वास येऊन राहिला. तुले नाही आला?"

मी आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं. बाबा सगळं आयुष्य रेल्वेच्या कचेरीत लोकांच्या सबबी ऐकत बसलेले, त्यांना तेवढं पुरलं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"तापापासून."

ते वळले आणि थेट आईच्या स्वयंपाकघरात गेले. त्याच हातांनी, ज्या हातांनी मासे चोळले होते, चपला न काढता. या अपराधासाठी आईने त्यांना दोन दिवस उपाशी ठेवलं असतं. ती बाजूला झाली आणि तिने त्यांना जाऊ दिलं. आत डबे आपटल्याचे आवाज आले. ते परत आले तेव्हा छातीशी आईचा मिसळणाचा डबा, हिंगाची डबी, लसणाची टोपली, आणि काखेत कॉफीचा पत्र्याचा डबा होता.

"डोळे मीट," ते म्हणाले. "हे पाह्य. लसूण. आला?"

"नाही."

"जवळ घे नं. आता?"

"नाही, बाबा."

"हिंग. हा तं मेलेल्या माणसालेबी येते. आला?"

मी नुसती मान हलवली. ते जिरं हातावर चोळून नाकाशी धरत होते, दालचिनी मोडत होते, त्यांच्या बोटांनी माझ्या ओठांना हळद लागत होती. "थोडा? थोडा तरी? आठवून पाह्य." त्यांचा आवाज चढत चालला होता, आणि मग फुटायला लागला. मी हे सहन करू शकले नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर डबा हिसकावून फेकला असता. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्यांच्या हातात कॉफीचा डबा होता, झाकण उघडलेलं, आणि ते डब्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी खोल श्वास घेतला. "हा आला," मी म्हटलं. "कॉफी. हा चांगला आला, बाबा."

बाबांचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर वाटलं, आला असेल. "पाहा! मी म्हटलं नं!" ते आईकडे वळले. आई दारात उभी होती, पदर नाकावरून खाली आलेला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांनी मग डब्यात पाहिलं.

त्यात आईच्या फुलवाती होत्या. आमच्या घरात कॉफी कधीच संपली होती आणि रिकामा डबा आई टाकत नाही. घासून, उन्हात वाळवून, त्यात ती देवापुढच्या वाती भरून ठेवते. पांढऱ्या, कोरड्या, कापसाच्या.

बाबांनी झाकण नीट दाबून लावलं. डबा उंबऱ्याच्या आत, आईच्या बाजूला ठेवला. मग शेगडीसमोर उकिडवे बसले, ताटली पुढे ओढली आणि एक गोळा तोंडात घातला. चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील छान झालंय, आणि मी मनाची तयारी केली, कारण ते ऐकून मी मेले असते.

"लोणी जळलं आहे," बाबा म्हणाले.

"जळलं?" मी आईकडे वळले नाही. "किती?"

"लय. कडू झालं आहे पार. दारात होतो तवाच वास आला मले."

कितीतरी दिवसांनी माझ्या स्वयंपाकाबद्दल कुणी खरं बोललं होतं. हॉटेलातल्या मित्रांनी "होतं असं कधी कधी" म्हणून सांभाळून घेतलं होतं. आईने छान म्हटलं होतं. मला राग यायला हवा होता, पण मी ढसाढसा रडले, आणि रडता रडता कढई उचलून अंगणातल्या मोरीत ओतली, घासली आणि परत शेगडीवर ठेवली.

"आई, लोणी."

आईने आणलं. या वेळी तिने वरून टाकलं नाही. वाटीला वाटी टेकवून तिने ते बोटाने निपटून दिलं, आणि मग ती वाटी आत नेली नाही, तिथेच सोडली.

"बाबा, खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नाही."

"हव," बाबा म्हणाले. ते गुडघ्यांवर हात ठेवून कढईवर वाकले. लोणी वितळलं, फेसाळलं, तडतडलं. "आता नाही," ते म्हणाले. "नाही... अजून ताकाचाच येऊन राहिला. थांब. तुपासारखा... थांब. थांब. आता! काढ!"

मी काढलं. पांढऱ्या ताटलीत ओतलं. रंग बरोबर होता, अगदी हवा तसा. आम्ही पुन्हा केलं, आईचं लोणी संपेपर्यंत केलं. दर वेळी मी कानाने काहीतरी धरून ठेवायचा प्रयत्न करत होते, तडतड कधी मंद होते, फेस कसा बसतो. दर वेळी बाबांचं "आता" माझ्या अंदाजाच्या थोडं पुढे किंवा थोडं मागे येत होतं. दुसऱ्या दिवशी तिथे बाबा नसणार, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला स्कूटरवरून नेलं. तेलीबांध्याचा तलाव मागे पडला, मग तो रुंद, रिकामा रस्ता, दोन्हीकडे नव्या इमारती. ते फाटकाबाहेर एका झाडाच्या काडीएवढ्या सावलीत उभे राहिले. मी आत गेले. गोळे सुंदर पोळले, बदामी, मधे मऊ, मला माहीत आहे ते सुंदर होते. मग लोणी टाकलं. तिथला पॅनही काळाच होता. शेफ शेजारी उभा होता, आणि माझ्या डोक्यात फक्त एकच शब्द होता, जळलं. तडतड अजून चालू असताना मी घाबरून ते उतरवलं. शेफने चमचा बुडवला, चाखलं, माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाला की कळवू. त्यांनी कळवलं नाही.

बाहेर आले तेव्हा बाबा तिथेच होते, घामाने भिजलेले. कसं झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

"जळलं?" ते म्हणाले.

"नाही. कच्चं राहिलं."

बाबांनी मान हलवली. माझ्या हातात हेल्मेट दिलं आणि स्कूटरला किक मारली.

"आपण जरा लवकरच काढलं मंग," ते म्हणाले.